वाफ्यावर पाय द्यायचा नाही

२७ एप्रिल, सोमवार

सगळ्यात आधी आली ती जिजाबाई. येणारच. गल्लीत कोणाच्या कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी तिले पाहून यायचं असते, अन् इथं तं माझ्या पोरानं, संघपालनं, गोडाऊनच्या टेम्पोतून लाकडाच्या चौकटी आणून मागच्या अंगणात धाडकन टाकल्या. हातातला लसूण सोलता सोलता तशीच आली. म्हणे, "सत्यवतीबाई, एवढी मोठी पेटी कोणासाठी करून राहिले वं? तब्येत तं बरी आहे नं तुमची?"

मी म्हटलं, "तुले मापात बसते का पाहून घेते आधी."

मग बसलीच ती. चहा झाला. तिले समजावता समजावता मलेही समजलं, कारण तोपर्यंत मीही नुसती हौ हौ करून राहिली होती. ट्रकमधला माल ज्या लाकडी चौकटींवर ठेवतात, त्या मोडून फळ्या काढायच्या. फळ्यांची बिनतळाची पेटी करायची, गुडघ्याइतकी उंच. ती जमिनीवर ठेवायची अन् वरून माती भरायची. झाला वाफा. खाली जमीन कशी का असेना. आमची तं आहेच तशी. संघपालचे बाबा होते तेव्हा त्यांनी मागची जागा ट्रकच्या मिस्त्रीले भाड्यानं दिली होती. आमची वाडी म्हणजे ट्रकवाल्यांचीच वस्ती, कोण नाही देत? इतकी वर्षं ऑइल जिरलं की तिथं गाजरगवतही उगवत नाही.

हे सगळं डोकं गार्गीचं. गार्गी म्हणजे माझी नात, संघपालची पोरगी. मागच्या वर्षी रामदासपेठेत दिली. अर्ध्या तासाचा रस्ता, पण वर्षभर पोरगी दिसली नाही. सणाले नाही, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. अन् मागच्या आठवड्यात ऑटोतून एकटीच उतरली, एक बॅग घेऊन. म्हणे, आजी, रस खायले आली. मी तं नाचायचीच राहिली होती.

ही डायरीही तिनंच हातात दिली. संघपालले ट्रान्सपोर्टवाल्यानं नव्या वर्षाची दिली होती, कोरी पडली होती. म्हणे आजी, वाफ्यात कधी काय टाकलं ते तारीख घालून लिहित जा. मी तिसरी शिकली. तरी वाफ्याचंच लिहायचं असं ठरवून बसली, अन् पान भरलं जिजाबाईनं.

२८ एप्रिल

फळ्यांवर छाप असते, ती गार्गी वाकून वाकून पाहते. काही फळ्यांले किडीचं औषध मारलेलं असते, त्या खायच्या भाजीले नको. भट्टीत तापवलेल्या चालतात. औषधवाल्या वेगळ्या काढल्या.

पोरीले सासरी वळण मोठं छान लागलं. कुलर लावायचा तं विचारते, आजी, लावू का? दुसरी पोळी घ्यायची तं विचारते, घेऊ का? पहिले ही डब्यात हात घालून उभ्याउभ्या खायची. सरिताले म्हटलं, पाह्य तुझी पोरगी, किती सुधरली. सरिता काही बोलली नाही. रामदासपेठेच्या दवाखान्यात नर्स आहे ती, ड्यूटीवरून आली की तिच्यात बोलायचं त्राण नसते.

१ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात जाऊन आलो. खीर केली. गार्गीनं पांढरी साडी नेसली, कशी दिसून राहिली म्हणून सांगू! विहारातल्या बायका विचारत होत्या, जावई नाही आले? मी म्हटलं, त्याले काम असते.

दुपारभर तिनं अंगणात विटा ठेवल्या. सकाळी निंबाची सावली कुठवर, दुपारी कुठवर, तिथं तिथं वीट. मले म्हणे ऊन कुठं किती वेळ राहते ते पाहिल्याशिवाय वाफा मांडायचा नाही. मले तं धीर धरवत नाही. मी सारखी मागच्या दारात जाऊन पाहून येते, जसं काही वाफा आपोआप होऊन बसणार आहे.

रुंदीही मोजली. दोघींनी दोन बाजूंले उभं राहून हात पुढे केले, बोटं मधात भेटली, तेवढीच रुंदी. त्याच्याहून जास्त नाही. का, तं आत उतरायची पाळी येऊ नये. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, हा पहिला नियम. पाय दिला की माती दबते, अन् दबलेल्या मातीत मूळ जात नाही.

तिचा हात माझ्या हाताले लागला तं किती बारीक लागला. उन्हाळ्यानं जेवण जात नसेल.

५ मे, मंगळवार

माती आली! कोंढाळीहून, माझ्या भावाच्या वावरातली. टेम्पोभर. काळी कुळकुळीत. मी तं मूठभर घेऊन वास घेतला, तशी जिजाबाई म्हणे, "खाता का काय?"

आमच्या कोंढाळीची माती म्हणजे लोणी. त्या मातीतली संत्री खाल्ली की दुसरीकडची तोंडात धरवत नाही. मी गार्गीले म्हटलं, आता काही पाहू नको, भर. तं म्हणे, "नाही आजी, नुसती काळी माती नाही भरायची. निम्म्याहून कमी माती, बाकी शेणखत अन् रेती. उद्या खत येते, मग कालवू."

शेणखत ठीक आहे. पण रेती? माझ्या बापाच्या मातीत रेती? मी घमेलं उचलून बाजूले ठेवलं. पण पटलं नाही.

६ मे, बुधवार

आज मी जे केलं ते लिहायचीही सोय नाही, पण लिहिते.

गार्गी दुपारी आंघोळीले गेली. ही पोरगी आंघोळीले गेली की लवकर निघत नाही, आत नळ सोडून बसते. मी म्हटलं, तोपर्यंत एक वाफा भरून ठेवते, पोरगी खूश होईल. घमेल्यानं माती टाकली. गच्च भरली. ढेकळं राहिली म्हणून वर चढली अन् पायानं चांगली तुडवली, आपण कोठी लिंपायची माती तुडवतो तशी. वरून नळी सोडली. पाणी आत जाईचना, म्हणून नळी तशीच ठेवून जिजाबाईच्या दारात जरा बोलत उभी राहिली.

बोलता बोलता कड्कन आवाज आला. ट्रकचा टायर फुटला वाटलं.

येऊन पाहते तं काय, पाणी पिऊन माती फुगली होती. लांबीकडली फळी पोट आल्यासारखी बाहेर आली, खिळे उपटले अन् सगळा चिखल अंगणात. अर्ध्या जन्माची मी काळ्या मातीत वाढलेली. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, भिंती फाडते, हे मले माहीत नाही का? माहीत आहे. पण वावराले कुंपण नसते नं फळ्यांचं. तिथं तिले पसरायले जागा असते.

गार्गी ओल्या केसांनी पळत आली. मी म्हटलं आता ही मले बोलते. तं ती दोन्ही हात पुढे बांधून उभी राहिली, शाळेत मास्तरापुढे उभं राहतात तशी. म्हणे, "माझंच चुकलं. मी खिळे नीट नाही ठोकले. परत नाही होणार, आजी. मी सगळं आवरते आत्ताच."

मी म्हटलं, "अवं बाप्पा! चिखल केला मी, तुडवली मी, नळी सोडली मी. तू काहून माफी मागतं?"

तरी ती आवरतच होती, हातानं, खाली बसून. सरिता मागच्या दारात उभी राहून पाहत होती. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी गार्गीच्या बाजूले चिखलात फतकल मारली. उठता येईना. एक हात फळीवर, एक हात तिच्या खांद्यावर, तरी उठता येईना. अंगावरचं पातळ चिखलात चिकटलं होतं. जिजाबाई कुंपणावरून ओरडली, "राहू द्या वं, तिथंच पाणी घाला, उगवून येतील!" तेव्हा गार्गी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. इतकी हसली की चिखलातच मागे कलंडली.

नुकसान झालं फळीचं, पण मले तं चांगलाच दिवस वाटला.

९ मे, शनिवार

नव्यानं केलं. एक घमेलं काळी माती, एक घमेलं शेणखत, अर्धं घमेलं रेती. खाली आधी गोडाऊनचे जाड खोके पसरले, खालचं ऑइल वर येऊ नये म्हणून जाड थर. त्यावर निंबाचा वाळला पाला, मग हे कालवण. वरून चार बोटं जागा मोकळी सोडली. मधून तार ओढून दोन्ही फळ्या एकमेकींले बांधल्या, आता पोट येणार नाही. पाणी टाकलं तं भसकन आत गेलं. मूठ दाबली तं लाडू झाला, बोट लावलं तं फुटला. असाच पाहिजे म्हणे.

मी बापाच्या मातीची माफी मागितली मनातल्या मनात. पण रेती चांगली निघाली, हे खरं.

१४ मे, गुरुवार

आज मन लागून नाही राहिलं. उगीच इकडून तिकडं. भेंडी अन् चवळी टाकली परवा, ती पाहायले दहादा उठली. गार्गी म्हणते, आजी, पाहून नाही उगवत.

तिचा फोन पालथा पडलेला असते. वाजला की हातातलं खुरपं थांबते. उचलत नाही. मी म्हटलं, "जावईबापूंचा असेल, घे नं." तं म्हणे, "हात मातीचे आहे." हात तं धुता येतात. पण मी नाही बोलली.

मले एक विचारायचं असते रोज, की तू जाणार कधी? पण विचारलं अन् तारीख सांगितली तं? म्हणून विचारतच नाही. राहू द्या.

संध्याकाळी संघपाल म्हणाला, "पियुषचा मले फोन होता. खूप दिवस झाले म्हणते. या रविवारी सोडून येतो तिले." गार्गीच्या ताटातला हात थांबला. मी म्हटलं, "वा रे! बियाणं आत्ता टाकलं, पाणी कोण देईल? मी पडली तं चिखलातून काढेल कोण? वाफे तिचे, ती पाहील." सरिता लगेच म्हणाली, "बरोबर आहे आईंचं. वाफे तं होऊ द्या." माझ्या बाजूनं सरिता बोलली, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

संघपाल म्हणे, "वाफ्यासाठी कोणी सासर सोडून राहते का?" पण नेलं नाही.

२१ मे, गुरुवार

चवळी पाठ वाकवून वर आली! दोन दोन पानं. मी जिजाबाईले ओढत आणून दाखवली. ती म्हणे, चवळीच आहे, नातू झाल्यासारखं काय करता.

आज दुपारी सरितानं सुट्टी घेतली. मायलेकी स्वयंपाकघरात दार लोटून बोलून राहिल्या. मी पाणी प्यायले गेली तं दोघी गप्प. गार्गीचे डोळे लाल. सरिता म्हणे, कांदा चिरत होतो. पाटावर कांदा नव्हता. मग माझ्या ध्यानात आलं. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा आहे, आमच्या गुरुजींनी सगळ्याच पोरांचा एक जून लिहिला होता. ह्या दोघी माझ्या वाढदिवसाचं ठरवून राहिल्या असतील. मी काही समजलंच नाही असं दाखवलं.

२६ मे, मंगळवार

नवतपा लागला, नऊ दिवसांचा जाळ. अंगणात पाय ठेववत नाही. वाफ्यांवर हिरवी जाळी बांधली, चारी कोपऱ्यांले बांबू. तरी चवळीची पानं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी पाणी दिलं की उभी राहतात. मी त्यांले बोलते, रागवू नका, हे दिवस जातात.

दुसरा वाफा रिकामा होता. जिजाबाईचं माहेर वायगावकडचं, तिनं मोड आलेलं हळदीचं बेणं दिलं. गार्गीनं हाती घेऊन पाहिलं अन् विचारलं, "निघते कधी?" जिजाबाई म्हणे, "नऊ महिने लागतात बाई हिले. थंडी जाता जाता काढायची." मी म्हटलं, पालक टाकू, लवकर होते. गार्गी म्हणाली, "हळदच लावू."

अन् लावली. मले न विचारता. एकेक गड्डा डोळा वर करून, ओळीनं. मी विचार करत राहिली, थंडी जाता जाता काढायची, अन् काढणार कोण?

१ जून, सोमवार

कोणी काही ठरवलं नव्हतं. सकाळपासून मी नवं पातळ नेसून बसली. सरिता ड्यूटीवर गेली. संघपाल गोडाऊनले गेला. संध्याकाळी जिजाबाई म्हणाली, नवं पातळ काहून नेसलं? मी म्हटलं, असंच.

मग त्या दोघी त्या दिवशी बोलून काय राहिल्या होत्या?

तेव्हापासून डोक्यात तेच. पोळ्या करताना गार्गी समोर बसली होती. तिची एक पोळी संपली अन् ती ताटाकडे पाहत राहिली. मी तव्याकडे पाहतच विचारलं, "गार्गे, तुले तिथं दुसरी पोळी घ्यायले विचारा लागते का वं?"

तिनं ताटावरून मान वर केली. पोळी करपली.

मग म्हणाली, "हौ."

मी अजून विचारलं नाही. नुसता डबा तिच्याकडे सरकवला. तिनं एक घेतली. मग अजून एक घेतली. वळण छान लागलं असं मी लिहून ठेवलं आहे इथंच मागे. ते पान फाडायचं होतं, पण त्याच्या मागच्या बाजूले फळ्यांचं लिहिलं आहे, म्हणून राहू दिलं.

३ जून, बुधवार

आज जिजाबाईचा दुसरा नंबर लागला. तिच्या आधी गाडी येऊन उभी राहिली. पियुष अन् त्याची आई इंदुताई. न कळवता.

इंदुताईंचं बोलणं एकदम साफ, आवाज चढत नाही. कुलरसमोर बसल्या अन् म्हणाल्या, "आजी, मुलीला इतके दिवस ठेवून घेणं बरं दिसत नाही. लोक विचारतात. आमच्या घराची काही शिस्त आहे." मी म्हटलं, "चहा घ्या." दुसरं काय म्हणणार. चहा करून ट्रे आणला. सरिता घरीच होती म्हणून बरं. ती माझ्या हातातून ट्रे घेऊन म्हणाली, "गार्गी मागे आहे. तिच्याशी बोला. तिच्याबद्दल नका बोलू."

पियुष मागे गेला. मीही गेली. मले कोणी बोलावलं नव्हतं.

गार्गी भेंडीची जाळी सारखी करत होती. तो म्हणाला, "झालं का खेळून? चल, बॅग भर." ती जाळीच बांधत राहिली. मग त्याचा फोन आला. फोनवर बोलता बोलता त्यानं बूट उचलला अन् हळदीच्या वाफ्यात ठेवला. ठेवला अन् वर भार दिला, जसा बसच्या पायरीवर देतात.

हळदीचा एक कोंब कालच वर आला होता. हिरवी सुई.

गार्गी म्हणाली, "पाय काढ."

त्यानं फोन बाजूले घेतला. "काय?"

"पाय काढ. वाफ्यावर पाय द्यायचा नाही."

एवढ्या जोरात म्हणाली की कुंपणापाशी जिजाबाईचा लसूण हातातून पडला. पियुषनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुंपणावरून तीन बाया पाहत होत्या त्यांच्याकडे पाहिलं. अन् काढला. बुटाचा ठसा राहिला. गार्गी वाकली, बोटानं माती मोकळी केली, कोंब वाचला होता. या वेळी ती हात बांधून उभी नाही राहिली.

इंदुताई दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "बघा, कशी बोलायला लागली आहे."

"हळद लावली आहे मी, आई," गार्गी इंदुताईंले म्हणाली. "थंडी जाता जाता निघते. तोवर मी इथंच आहे. पुढचं तेव्हा माझी मी सांगेन." मग मातीच्या हातानंच खुर्ची ओढली अन् बसली. कोणाले न विचारता. मले किती आनंद झाला ते मले लिहिता येत नाही, तिसरीत तेवढं शिकवत नाहीत.

गाडीत बसताना इंदुताई म्हणाल्या, "रविवारी आम्ही चार मोठी माणसं घेऊन येतो. तोवर हिची समजूत काढा."

सरिता म्हणाली, "या. मीही घरीच असते."

भीती वाटून राहिली, खोटं कशाले लिहू. संघपाल काय म्हणेल याची जास्त. तो आला संध्याकाळी. जिजाबाईनं गल्लीच्या तोंडालेच त्याले सगळं सांगितलं होतं. आत आलाच नाही तो. मागे गेला, हळदीच्या वाफ्यापाशी उभा राहिला, बुटाचा उरलेला ठसा पाहिला. मग परत गोडाऊनले गेला अन् फळ्या घेऊन आला. छाप पाहून पाहून निवडलेल्या. एकही औषधवाली नाही. उतरवताना म्हणाला, "आई, पालकाले जागा नव्हती म्हणत होती नं तू? तिसरा करा. मी धरतो फळ्या. रविवारी सुट्टी आहे मले."

गार्गीनं सांगितलंच आहे, तारीख घालून लिहायचं. तं लिहिते. सात जून, रविवार. निंबाच्या सावलीबाहेर, विटा ठेवल्या आहे तिथं, तिसरा वाफा ठोकायचा. रामदासपेठेचे पाहुणे त्याच दिवशी येतो म्हणून गेले.